मास्तरांनी दाखवलेलं शहर

मास्तर कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला, आणि हाताखालच्या माणसांना इतकं धारेवर धरलं की सगळे त्यांना मास्तर म्हणू लागले. ते निवृत्त झाले, पण नाव काही निवृत्त झालं नाही. खरी शाळेतली होती ती त्यांची लेक. दूरच्या एका लहान गावात ती मुख्याध्यापिका होती. तिने नुसतं चष्म्यावरून बघितलं की अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा म्हणे. त्या सकाळी ती मास्तरांकडे तशीच बघत होती.

"बाबा, खरं सांगा. चप्पल घसरली की चक्कर आली?"

"चप्पलच. तळ पार गुळगुळीत झालाय तिचा."

"शेजारच्या काकू तर फोनवर म्हणाल्या, तुम्ही भिंत धरून बसला होतात."

"तिला काय, राईचा पर्वत करायला कुणीतरी लागतंच."

खरं तर चक्करच होती, आणि ती पहिलीही नव्हती. काही महिन्यांपासून मान वर केली किंवा झटकन वळवली की मास्तरांच्या डोळ्यांपुढे सगळं गरगरायचं. सरळ समोर बघत राहिलं तर काही होत नसे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि एकटं राहू नका असं बजावलं होतं. गोळ्या मास्तरांनी चहाच्या डब्यामागे दडवल्या होत्या. डॉक्टरांचं बोलणं त्याहूनही मागे.

"घर आवरा आणि माझ्याकडे चला," लेक म्हणाली. "तिथे अंगण आहे, मोकळी हवा आहे, मी आहे. इथे आता तुमचं आहे कोण?"

मास्तरांना हे लागलं. तिच्या गावात सगळं होतं, पण लिफ्ट एकही नव्हती. एका मजल्याच्या शाळेला ती 'मोठी इमारत' म्हणायची. त्या अंगणात आरामखुर्चीत बसून आपण दिवसभर नक्की काय करायचं, हा प्रश्न त्यांना चक्करेपेक्षा जास्त छळत होता. इथे निदान रस्त्याने जाताना एखाद्या इमारतीकडे बघून 'ही आपली' असं मनात म्हणता येत होतं.

"एक दिवस दे मला, ठकी," ते म्हणाले. लेक पन्नाशीला टेकली होती, तरी घरात ती ठकीच होती. "माझ्या आवडीच्या जागा दाखवतो. तू इथे वाढलीस, पण माझं शहर काही बघितलं नाहीस. सगळं बघ, आणि संध्याकाळी तूच सांग मला इथून हलवायचं की नाही."

लेकीने थोडा विचार केला. "ठीक आहे. पण दिवसभरात एकदा जरी तोल गेला, तर उद्या सकाळची बस. मग मी एक अक्षर ऐकायची नाही."

"कबूल," मास्तर म्हणाले. तिने असंच काहीतरी म्हणावं याची ते वाटच बघत होते, कारण तयारी आदल्या संध्याकाळीच झाली होती.

तयारी म्हणजे जोडीदार. हा गृहस्थ मास्तरांच्या हाताखाली काम शिकला, मग त्यांच्या बरोबरीने राबला आणि अजून नोकरीत होता. मास्तरांच्या जुन्या इमारती आता त्याच्याकडे होत्या. लिफ्टची तपासणी करताना एक माणूस गाडीच्या टपावर उभा राहतो आणि तिथल्या बटणांनी गाडी मुंगीच्या पावलांनी वरखाली नेतो. लिफ्टवाले आतल्या डब्याला गाडीच म्हणतात. मास्तरांचं डोकं फिरायचं ते लिफ्ट झटक्याने सुटली की. मुंगीच्या पावलांनी गेली तर निभावून नेता येईल, असा त्यांचा हिशेब होता. तेव्हा जोडीदाराने ऑफिसच्या उंच इमारतीत आणि इस्पितळात आधी जाऊन टपावर उभं राहायचं आणि मास्तरांना लेकीसकट हळूहळू वर न्यायचं.

"मास्तर, टपावर माणूस असताना आत प्रवासी घ्यायचा नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत," जोडीदार फोनवर म्हणाला होता. "एकाला तर त्यापायी घरी बसवलंत."

"माहीत आहे. मला नको शिकवू."

"ऑफिसचं एक वेळ ठीक आहे, उद्या सुट्टीच आहे. पण इस्पितळात?"

"तिथे दोन लिफ्ट आहेत. एक थोडा वेळ घेतली तर काय बिघडतं?"

बोलून झाल्यावर मास्तरांना कुठेतरी खुपलं. पण ते त्यांनी मनातल्या मनात दाबलं आणि दिवा मालवला.

दुसरा कोणी असता तर त्याने पाहुण्याला बाग दाखवली असती, संग्रहालय दाखवलं असतं, झालंच तर नदीवरचा पूल. मास्तर लेकीला घेऊन गेले ते एका काळपट व्यापारी इमारतीत. तिथली लिफ्ट जाळीची होती. लोखंडी दार खडखडत ओढायचं, आत एक म्हातारा लिफ्टमन स्टुलावर बसलेला. ती जन्मापासूनच संथ, त्यामुळे इथे जोडीदाराची गरज नव्हती.

"इथे मी काम शिकलो," मास्तर म्हणाले. "आता काही बोलू नकोस, नुसती बघ."

गाडी सुटली. जाळीपलीकडून एकेक मजला खाली सरकू लागला. पहिल्यावर शिलाई मशीनची खडखड आणि गरम इस्त्रीचा वास. त्याच्या वर दातांचा डॉक्टर, बाकावर गाल धरून बसलेली माणसं. त्याच्या वर एक बाई मुलांना गाणं शिकवत होत्या, आणि लिफ्ट दारावरून जाईपर्यंत त्यांनी कुणालातरी दोनदा 'पुन्हा' म्हणून सुनावलं. सुट्टी असूनही इथे सगळे कामाला जुंपलेले. लेक हसली, सकाळपासून पहिल्यांदा. मास्तरांनी मात्र यातलं काहीच बघितलं नाही. सरकणारे मजले बघितले की डोकं हलतं, म्हणून त्यांनी दाराच्या कडीवरच्या एका पितळी स्क्रूवर डोळे खिळवले होते.

"मास्तर, परवाचं बरं आहे ना आता?" लिफ्टमनने आपुलकीने विचारलं. "मी घरी सांगितलंसुद्धा, मास्तर आज थोडक्यात…"

"परवा दोर तपासला ना, तो एकदम बरा आहे," मास्तर घाईने म्हणाले. "अजून दोन वर्षं बघायला नको."

लिफ्टमन गोंधळून मजले बघू लागला. लेकीने चष्म्यावरून आधी त्याच्याकडे बघितलं, मग बापाकडे. वरच्या मजल्यावर उतरताना त्यांनी जाळी जरा जास्तच वेळ धरून ठेवली आणि वर 'बिजागरी बघतोय' असंही सांगून टाकलं.

दुसरी जागा म्हणजे शहरातली एक उंच ऑफिसची इमारत. सुट्टीमुळे आत शुकशुकाट होता. पहारेकऱ्याने मास्तरांना ओळखलं आणि हसून आत सोडलं. दाराशी जोडीदाराची स्कूटर उभी होती, फाटक्या सीटवर पिवळी चिकटपट्टी चिकटवलेली. मास्तर लेकीच्या आणि स्कूटरच्या मधून चालत गेले.

ही लिफ्ट म्हणजे मास्तरांच्या हातचं सगळ्यात देखणं काम. भरधाव जायची, आणि पाण्याने भरलेला पेला आत ठेवला तरी थेंब सांडू नये. आज ती अशी निघाली की हलतेय की नाही हेच कळेना. वरून मधूनच कुणीतरी पाय बदलल्यासारखा आवाज येत होता. मास्तर मुद्दाम मोठ्याने खोकले.

"फार हळू आहे हो, बाबा."

"वय झालं तिचं."

"हो का," लेक म्हणाली, आणि आपल्या पायांकडे बघू लागली. तिचं ते बघणं मास्तरांना मुळीच आवडलं नाही.

वरच्या मजल्यावरून लोखंडी जिन्याने गच्चीवर जायचं होतं. तिथे एका खोलीत लिफ्टची यंत्रं होती. कामाच्या दिवशी सकाळी ऑफिसं उघडली की ही यंत्रं एकामागून एक घुमू लागायची, आणि मास्तर इथे उभे राहून ऐकायचे. खाली पसरलेलं सगळं शहर कामाला लागलंय, आणि त्याला वर चढवणारे आपण, असं त्यांना वाटायचं. बायकोला त्यांनी हे एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली होती, चला, निदान स्वतःचं कौतुक तरी करता येतं तुम्हाला. त्यानंतर त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आज लेकीला सांगितलं, तेही कठड्याचा गज दोन्ही हातांनी धरून.

"बाबा, वर बघा ना. केवढा मोठा थवा चाललाय पक्ष्यांचा."

मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. पुसत राहिले. थवा जाईपर्यंत काच काही स्वच्छ होईना.

"आपलं घर कुठे दिसतं इथून?"

आता मान वळवणं आलं. मास्तरांनी मान न हलवता नुसता हात उजवीकडे लांब केला. "ती लाल टाकी दिसते ना, तिच्या खाली. ही टाकी म्हणजे आपली खूण."

लेक बराच वेळ त्या दिशेला बघत राहिली. "हो, दिसली," म्हणाली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. उतरताना जिन्यावर ती त्यांच्या पुढे राहिली, अगदी एक पायरी पुढे. मास्तरांना वाटलं, घाई असेल तिला.

दुपार उलटल्यावर ते इस्पितळात आले. दाराशी पुन्हा तीच पिवळ्या पट्टीची स्कूटर. या वेळी लेकीने तिच्याकडे सरळ बघितलं. आत स्ट्रेचर नेण्याच्या दोन मोठ्या लिफ्ट शेजारीशेजारी होत्या. मास्तर पायांपुढच्या फरशीवर नजर ठेवून पहिलीत शिरले. गाडी हलली, तसे ते लोखंडी भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"ही जागा माझी सगळ्यात आवडती," ते म्हणाले. "इथे गाडी थांबली की मजल्याच्या बरोबरीने थांबायला हवी. जराही उंबरा राहिला तर स्ट्रेचरचं चाक अडतं, आणि वरच्या माणसाला तो धक्का लागतो. तुझी आई शेवटच्या वर्षी किती वेळा या लिफ्टने गेली. तिला एकदाही धक्का बसला नाही. आणि दारात एकदाही थांबावं लागलं नाही. दुसरं मी काही करू शकलो नाही गं तिच्यासाठी. पण एवढं केलं."

लेकीने त्यांच्या बाहीला हात लावला. "मला हे माहीत नव्हतं," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मास्तरांच्या मनात आलं, जिंकलो. आता खाली उतरायचं, बाहेर बाकावर बसून चहा घ्यायचा, आणि ही आपल्या तोंडाने म्हणेल, राहा इथेच.

वरच्या मजल्यावर दार उघडलं, मिटलं आणि गाडी परत खाली निघाली. तशी घंटी वाजली.

स्ट्रेचरची लिफ्ट असल्यामुळे बाहेर बटण दाबलं की आत घंटी वाजायची. एकदा वाजली. पुन्हा वाजली. मग जी वाजायला लागली ती थांबेचना. कुणीतरी बटणावरचं बोट उचलत नव्हतं. असं बटण कोण दाबतं, हे मास्तरांना कुणी सांगायला नको होतं.

"घेतील दुसरी लिफ्ट," ते म्हणाले.

"दुसरी बंद आहे, बाबा. दाराच्या वर पाटी लावलीय. आपण आत येताना होती."

पाटी वर होती. मास्तरांनी सकाळपासून मान वर केलीच नव्हती.

घंटी वाजत होती आणि गाडी मुंगीच्या पावलांनी उतरत होती. दाराशेजारचा आकडा बदलायला तयार नव्हता. खालून आता दार ठोठावल्याचा आवाज येऊ लागला, मागोमाग एका मुलीचा आवाज, शब्द कळत नव्हते पण रडवेला. मास्तरांनी मूठ आवळली, मान वर केली आणि छतावर ठोसे मारायला सुरुवात केली.

"काय झालं, मास्तर?" छतावरून जोडीदाराचा आवाज आला.

"सोड गाडी. पूर्ण वेगात सोड."

"अहो, मी टपावर आहे. वेगात कशी सोडू?"

नाहीच सोडता येणार. तोही नियम मास्तरांनीच त्याच्याकडून घोटून घेतला होता, आणि नियम बरोबर होता. ते पुन्हा ठोसा मारायला गेले आणि छतच फिरलं. भिंती फिरल्या, दिवा फिरला, पायांखालची गाडी आडवी झाली. ते कोसळणार तेवढ्यात लेकीने त्यांना दोन्ही काखांत धरलं आणि अलगद खाली बसवलं. तिचे हात आधीपासूनच पुढे होते.

"काका, मी ठकी बोलतेय," तिने वर तोंड करून सांगितलं. आवाजात जराही आश्चर्य नव्हतं. "तुम्ही उतरू नका, मध्येच थांबवू नका. अशीच सरळ खाली न्या."

"तुला माहीत होतं?" मास्तरांनी डोळे मिटून विचारलं.

"लिफ्टवाल्याची मुलगी आहे मी, बाबा. तपासणीची चाल पायांना कळते. आणि लाल टाकी तिथून आता दिसतच नाही. तिच्यापुढे केव्हाचीच एक इमारत उभी राहिलीय. तुम्ही तिकडे बघतच नव्हतात."

घंटी वाजतच होती. मास्तरांना लेकीचं बोलणं ऐकू येत होतं, पण त्यात त्यांचं मन नव्हतं. त्यांना दिसत होती स्ट्रेचरवरची बायको. हातातली बांगडी सैल झालेली, आणि दार समोर बंद. जे तिच्या वाट्याला त्यांनी कधी येऊ दिलं नाही, ते आज दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला आलं होतं. स्वतःच्या हट्टापायी, वरचढ ठरायच्या हौसेपायी ते त्यांनीच आणलं होतं.

दार उघडलं. समोर स्ट्रेचर होतं. त्यावर एक वयस्क बाई, ओठ निळसर, छाती भात्यासारखी वरखाली होणारी. शेजारी एक तरुण मुलगी सलाईनची बाटली उंच धरून उभी. वॉर्डबॉय स्ट्रेचर आत घुसवायला लागला.

"थांबा, टपावर माणूस आहे," मास्तर फरशीवरून म्हणाले.

"अहो, इथे माणूस जायची वेळ आलीय," वॉर्डबॉय खेकसला.

लेकीने मास्तरांना ओढून बाहेर घेतलं. भिंतीशी बसल्याबसल्या त्यांनी जोडीदाराला हाक मारली आणि टपावरून उतरून पहिल्या मजल्याच्या दाराने बाहेर पडायला सांगितलं, लिफ्ट पुन्हा नेहमीच्या वेगाने चालावी म्हणून तपासणीची कळ फिरवायला सांगितलं. तोवर स्ट्रेचर आत गेलं होतं. वरून खडखडाट होत राहिला. बाईचा श्वास घरघरत होता. मुलगी एकदा आईकडे आणि एकदा मास्तरांकडे बघत होती. मास्तरांनी आयुष्यात इतक्या लिफ्ट चालू केल्या, पण एवढा वेळ कशालाच लागला नव्हता.

"उतरलो," वरून आवाज आला.

"आता दाबा बटण," मास्तर म्हणाले.

दार मिटायला लागलं. मुलीने मोकळा हात छातीशी नेला आणि मास्तरांकडे बघून मान झुकवली. "आजोबा, तुम्ही होतात म्हणून लिफ्ट चालू झाली. फार उपकार झाले."

दार मिटलं आणि गाडी झपकन वर गेली.

मास्तर तसेच बसून राहिले. जोडीदार धापा टाकत जिन्याने उतरला. हात काळे झालेले, चेहरा पडलेला. बाईंना वर आत घेतलंय, डॉक्टर लागलेत, म्हणाला. पुढचं त्यालाही माहीत नव्हतं. मग त्याने नजर खाली वळवली, कारण मास्तर रडत होते आणि त्यांना रडताना त्याने कधी बघितलं नव्हतं.

"बाबा, माझं ऐका," लेक त्यांच्याशेजारी फरशीवरच बसली. "तुम्हाला चक्कर येते हे मला सकाळीच कळलं. तरी मघाशी लिफ्टमध्ये मी ठरवलं होतं, तुम्हाला इथेच राहू द्यायचं. कोणीतरी सोबतीला ठेवू, गोळ्या नीट घ्या. अजूनही मी तेच म्हणते."

"नको," मास्तर म्हणाले. "तू म्हणशील गं. पण मीच मला ठेवणार नाही. आपल्याला बरं आहे हे दाखवायला मी दवाखान्याची लिफ्ट अडवली. उद्या आणखी काय अडवीन, माझा मला भरवसा उरला नाही. सकाळची बस पकडू."

त्यांनी बाहीने तोंड पुसलं आणि भिंतीला हात लावून उठायला लागले.

"बसा ना थोडं. घाई काय आहे?"

"ती पोर माझे उपकार मानून गेली, ठकी. तिला वर जाऊन खरं सांगायला हवं. काय बोलायचं ते बोलेल मला, बोलू दे."

जोडीदार पुढे झाला. "मग लिफ्ट बोलावतो, मास्तर."

"नको. ती त्यांच्यासाठी राहू दे."

जिन्यापाशी येऊन मास्तर थांबले. एवढी वर्षं ते या इमारतीत जिना कधी चढलेच नव्हते. त्यांनी वर बघायचं टाळलं नाही. बघितलं, सगळं फिरलं, आणि दिवसभर आधारासाठी एकदाही पुढे न केलेला हात त्यांनी लेकीपुढे केला.

"धर," ते म्हणाले. "घट्ट धर."